पुरातत्त्व खातं नेमकं करतं काय?

"ना स्वतः करतात, ना आम्हाला करू देतात." मराठवाड्यात जुनं दगडी मंदिर असलेल्या कुठल्याही गावात पारावर विषय काढून बघा, पुरातत्त्व खात्याबद्दल पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळेल. गावाने वर्गणी जमवलेली असते, सभामंडपासाठी आमदार निधीचा शब्द मिळालेला असतो, फरशीवाला ठरलेला असतो. आणि ऐन वेळी कागद येतो की स्मारक संरक्षित आहे, काम थांबवा. त्या दिवसापासून खातं म्हणजे आडवं येणारं, हे गावाच्या डोक्यात पक्कं बसतं.

तक्रार सगळीच चुकीची नाही. खात्याकडे माणसं कमी, पैसा उशिरा येतो, आणि लोकांशी बोलायची सवय तर फारच कमी. पण 'करू देत नाहीत' हा जो भाग आहे ना, तेच त्या खात्याचं मुख्य काम आहे. स्मारक नवं करणं हे त्यांचं काम कधीच नव्हतं. ते आहे त्या अवस्थेत, त्याच्या खऱ्या दगडांसकट पुढे नेणं, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं, करायला महाकठीण.

आधी विचारा, स्मारक कोणाचं?

'पुरातत्त्व' म्हटलं की आपल्याला एकच खातं डोळ्यासमोर येतं. प्रत्यक्षात दोन आहेत. राज्यघटनेनेच ही वाटणी करून ठेवली आहे. राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर झालेली स्मारकं केंद्राच्या सूचीत. बाकीची प्राचीन स्मारकं राज्याच्या सूचीत. आणि राष्ट्रीय महत्त्वाची न ठरलेली पुरातत्त्वीय स्थळं, म्हणजे जमिनीखाली अवशेष असलेल्या जागा, दोघांच्या समाईक सूचीत.

केंद्राचं खातं म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. त्याचा कायदा १९५८ चा. अजिंठा, वेरूळ, दौलताबादचा किल्ला, पितळखोरा, बीबी का मकबरा ही त्यांची. राज्याचं खातं म्हणजे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. मुख्यालय मुंबईत, सेंट जॉर्ज किल्ल्याच्या आवारात. त्याचा कायदा १९६० चा, महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षीचा. नळदुर्ग, औसा, उदगीर, कंधार हे किल्ले, धाराशिवची लेणी, देगलूरजवळची होट्टलची मंदिरं ही राज्याच्या यादीतली. संपूर्ण महाराष्ट्रात राज्य संरक्षित स्मारकांची संख्या साडेतीनशेच्या वर आहे. मराठवाड्यासाठी सहायक संचालकांची कार्यालयं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड इथे आहेत, त्यामुळे दरवेळी मुंबई गाठायची गरज नसते.

गुंता कसा असतो ते संभाजीनगरातच बघा. मकबरा केंद्राचा. तिथून फार लांब नसलेला सोनेरी महाल राज्याचा. सतराव्या शतकात बुंदेला सरदाराने बांधलेला, आता त्यात राज्याचं वस्तुसंग्रहालय आहे. शहराचे बरेचसे जुने दरवाजे महापालिकेच्या अंगावर. पाणचक्कीचा ताबा वक्फ मंडळाकडे. एका रिक्षाच्या फेरीत चार मालक. मग दरवाजाचा दगड निखळला की माणूस मकबऱ्याच्या तिकीट खिडकीवर जाऊन तक्रार करतो, तिथला कर्मचारी 'आमच्याकडे येत नाही' म्हणतो, आणि तो खरंच बोलत असतो.

हे माहीत असायला हवं, कारण नियमही त्यावरच ठरतात. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही, हा जो नियम सगळ्यांच्या तोंडी असतो तो केंद्राच्या कायद्यातला, २०१० च्या दुरुस्तीने आलेला. राज्याच्या स्मारकाभोवती काय चालेल हे राज्याच्या कायद्यावरून आणि अधिसूचनेवरून ठरतं. घराला दुसरा मजला चढवायचा असेल तर आधी स्मारक कोणाच्या यादीत आहे ते बघा. गावकीतल्या ऐकीव माहितीवर पायाही खोदू नका आणि घाबरून थांबूनही राहू नका.

निजामाच्या काळापासूनचं खातं

मराठवाड्याला हे प्रकरण १९६० नंतर कळलं असं नाही. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्येच स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं होतं आणि गुलाम याझदानी त्याचे पहिले संचालक झाले. अजिंठा, वेरूळ तेव्हा या खात्याच्या हातात होती. लेण्यांतली माती उपसणं, पडू आलेले खांब सावरणं, चित्रांची छायाचित्रं घेऊन ग्रंथ छापणं ही कामं त्या काळात झाली. स्मारकांसाठी संस्थानाचा स्वतंत्र कायदाही होता. पुढे १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि स्मारकांची वाटणी नव्याने झाली. मोठी केंद्राकडे गेली, राहिलेली राज्याकडे.

याच काळातली एक गोष्ट सांगतो, कारण खात्यातली माणसं इतकी सावध का असतात ते तिच्यावरून कळतं. अजिंठ्याची चित्रं पोपडे धरून गळत होती. निजामाच्या खात्याने १९२० च्या सुमारास इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी हे तज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी बोलावले. त्यांनी सुटलेले पोपडे चिकटवून घेतले, ते काम मोलाचं होतं. पण चित्रांवर त्यांनी शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, थरही दिला. त्या दिवसांत जगभर हीच पद्धत होती, त्यांनी वेगळं काही केलं नाही. चित्रं त्या वेळी झळाळून उठली. पुढे काही दशकांत ती लाख पिवळी पडत गेली, तिच्यावर धूळ-काजळी बसली, आणि निळे-हिरवे रंग तपकिरी पडद्याआड गेले. नंतरच्या रसायनतज्ज्ञांचा कितीतरी काळ ती लाख कणाकणाने उतरवण्यात गेला.

अशाच अनुभवांतून आलेला एक नियम आज जगभरच्या जतनकामात पहिला मानतात. जे काही कराल ते पुढच्या माणसाला काढता आलं पाहिजे. आज आपल्याला जे उत्तम वाटतं ते पन्नास वर्षांनी चूक ठरू शकतं, आणि तेव्हा मूळ वस्तू शाबूत हवी. मंदिराच्या खांबांना ऑइलपेंट देऊ पाहणाऱ्या मंडळाला खातं नाही म्हणतं तेव्हा नकारामागे हा इतिहास असतो. तो कोणी समजावून सांगत नाही, नुसतं पत्र पाठवतात, हा दोष मात्र खात्याचाच.

यादीत नाव कसं लागतं

जुनं आहे म्हणून आपोआप संरक्षण मिळत नाही. आठशे वर्षांचं मंदिर असेल, पण अधिसूचना निघाली नसेल तर पुरातत्त्वाच्या कायद्याला ते दिसतच नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

प्रस्ताव खात्याच्या पाहणीतून निघतो, किंवा ग्रामपंचायत, एखादा अभ्यासक, लोकप्रतिनिधी पत्र देतो त्यावरून. मग तंत्र सहायक येऊन मोजमाप घेतात, नकाशा करतात, फोटो काढतात. पुढे महसूल खात्याचं काम लागतं: गट नंबर कोणता, सातबारा कोणाच्या नावावर, चतुःसीमा काय. मराठवाड्यात हा टप्पा भारी वेळ खातो. जुन्या नोंदी उर्दूत, फसली सनातल्या, म्हणजे निजामी महसुलाच्या कालगणनेतल्या. त्यात इनामाच्या जमिनी, देवस्थानाच्या जमिनी, आणि मध्येच कोणाचं तरी नाव लागलेलं. बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, एकाच्या गटात आणि तिच्या पायऱ्या दुसऱ्याच्या, असंही निघतं.

कागद जुळले की शासन प्राथमिक अधिसूचना काढतं. ती राजपत्रात छापली जाते, प्रत स्मारकाजवळ लावली जाते, आणि हरकती द्यायला दोन महिने मिळतात. हरकती ऐकून मग अंतिम अधिसूचना. त्या दिवसापासून कायदा लागू.

मालकी जाते का? नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की चांगले चांगले प्रस्ताव गावच्या विरोधाने अडकतात. संरक्षित झालं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. खासगी वाडा खासगीच राहू शकतो, खातं मालकाशी करार करतं. पूजाअर्चाही बंद होत नाही. तुळजापूरचंच घ्या. भवानीमातेच्या मंदिरात रोज हजारोंची दर्शनाची रांग असते, नवरात्रात तर मुंगीला जागा नसते. कारभार मंदिर संस्थानचा, आणि जतन-संवर्धनाचं काम राज्य पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली. पूजा, नैवेद्य, अभिषेक यांत खातं पडत नाही. दगडाला हात लावायचा झाला की मात्र विचारावं लागतं.

मालकाचं बदलतं ते एवढंच: पाडायचं नाही, वाढवायचं नाही, रंगवायचं नाही, खोदायचं नाही, निदान परवानगीशिवाय नाही. ज्याच्या आजोबांनी त्या भिंतीला टेकून गोठा बांधला, त्याला हे सोपं वाटणार नाही, आणि त्याचं वाटणं गैरही नाही.

दगड, चुना आणि सिमेंटचं वैर

आता कामाचा खरा गाभा. एखादं उत्तर चालुक्य किंवा यादव काळातलं मंदिर ढासळू लागलंय, तर खातं काय करतं?

होट्टलसारख्या ठिकाणी करतात ते असं. आधी मंदिराचं चित्रण होतं, प्रत्येक बाजूने, प्रत्येक थराचं. मग प्रत्येक दगडाला क्रमांक पडतो. कुठल्या दिशेची भिंत, कितवा थर, डावीकडून कितवा दगड, हे सगळं त्या क्रमांकात येतं. तोच क्रमांक कागदावरच्या आराखड्यात. नंतर वरून खाली एकेक दगड उतरवतात आणि मोकळ्या जागेत त्याच क्रमाने मांडून ठेवतात. मंदिर जमिनीवर पसरल्यासारखं दिसतं. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटतं, मोडूनच टाकलं की! गावात बोभाटा होतो. खरं तर त्या वेळी पाया तपासणं चालू असतं: जमीन कुठे खचली, पाणी कुठून मुरतंय. मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर उभ्या पायाला वर्षानुवर्षं झोका मिळत राहतो. पाया सावरला की दगड पुन्हा क्रमाने चढवतात. जे दगड फुटले किंवा गेलेच, तिथे नवा दगड घडवून बसवतात, पण जुन्याच्या नक्षीची नक्कल करून लोकांना फसवायचं नाही. नवा दगड साधा ठेवला तर चालतो, किंबहुना तसाच बरा. बघणाऱ्याला जुनं कुठलं, नवं कुठलं हे कळलं पाहिजे.

होट्टलला या कामात एक लाभही झाला. ढिगारा उपसताना २०२४ मध्ये आणखी मंदिरांचे तळ उघडे पडले आणि अकराव्या शतकातला शिलालेख सापडला, मंदिराला दान देणाऱ्यांची नोंद असलेला. सभामंडपाची फरशी घातली असती तर तो तिच्याखाली गेला असता.

आणि सिमेंट का नको? गवंडी हमखास विचारतो, 'साहेब, चुन्यापेक्षा सिमेंट मजबूत नाही का?' आहे. तीच अडचण आहे. जुन्या भिंतीच्या आत दोन दगडी कातड्यांमध्ये मुरूम, गोटे आणि चुना भरलेला असतो. पावसाचं पाणी आत शिरतंच. चुना सच्छिद्र असतो, तो ओल बाहेर सोडतो. सांधे सिमेंटने बंद केले की ओल कोंडते आणि बाहेर पडायला दगडातूनच वाट काढते. येताना क्षार घेऊन येते, ते पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे, विटेचे पापुद्रे सुटतात. म्हणजे सिमेंट जागच्या जागी घट्ट राहतं आणि बाजूचा घडवलेला दगड झिजतो. शिवाय भिंत थोडी हलली तर मऊ चुना बारीक तडा घेऊन सोसतो, सिमेंट दगडालाच तडकवतं. जुन्या दुरुस्त्यांतल्या लोखंडी पट्ट्यांचीही तीच कथा. गंज चढला की लोखंड फुगतं आणि कोपरा उडवतं. म्हणून आता न गंजणारं पोलाद वापरतात.

चुना करायचा तर तोही धीराचा धंदा. चुनखडी भट्टीत भाजून कळी तयार होते, कळी पाण्यात विरवतात, तेव्हा ती उकळते, फसफसते. विरलेला चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका चांगला. मग गोल चरातल्या दगडी चाकाच्या घाणीत वाळूबरोबर मळतात. त्यात ठिकाणाप्रमाणे गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, मेथीचं पाणी असं काही काही घालतात, जुने गवंडी आपापली मात्रा जपून असतात. दुकानातून पोतं आणलं आणि कालवलं, असं यात नाही. काम रेंगाळलेलं दिसतं त्यामागे निविदा आणि अंदाजपत्रकाची दिरंगाई असतेच, पण काही वेळ खरोखर चुन्याचा असतो. हे काम जाणणारे हातही थोडे उरलेत.

झाडांचं सांगायला हवं. किल्ल्याच्या तटात पिंपळ-उंबर उगवले की तरुण मंडळी श्रमदानाला येतात आणि दोर बांधून झाड उपटतात. उत्साह चांगला, पण मूळ भिंतीच्या पोटात गेलेलं असतं, ते दगड घेऊनच बाहेर येतं. झाड बुंध्याशी कापून, बुंध्यावर औषध लावून मूळ मारायचं, मग पोकळी चुन्याने भरायची, ही पद्धत. शेंदराचे आणि रंगाचे थर काढायलाही ग्राइंडर लावत नाहीत. सँडब्लास्टिंग करून मूर्तीचे नाक-डोळे गुळगुळीत केल्याची उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत. कागदाचा लगदा रसायनात भिजवून थापतात, रंग मऊ झाला की हलक्या हाताने उतरवतात, पुन्हा थापतात. एका खांबाला दिवस जातात.

नळदुर्गचं उदाहरण

पैशाचं कोडं आहेच. राज्याच्या अर्थसंकल्पातून खात्याला मिळतं ते स्मारकांच्या मानाने थोडं. अलीकडे जिल्हा वार्षिक योजनेतून कमाल ३ टक्के निधी गड-किल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांसाठी वापरायची मुभा झाली आहे. त्यामुळे पालकमंत्र्यांच्या बैठकीत स्मारकांचा विषय तरी निघू लागला.

दुसरा मार्ग 'महाराष्ट्र वैभव' संगोपन योजनेचा. संस्था किंवा कंपनी ठरावीक वर्षांसाठी स्मारक सांभाळायला घेते. मालकी शासनाचीच राहते. स्वच्छता, दिवे, वाटा, तिकीट ही कामं संगोपन करणाऱ्याची, आणि मूळ बांधकामाची दुरुस्ती खात्याच्या सांगण्याबाहेर करायची नाही. नळदुर्ग असाच सोलापूरच्या एका खासगी कंपनीने घेतला होता. बोरी नदीवर किल्ल्यातच बांधलेलं धरण, त्याच्या पोटातला पाणीमहाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं १६१३ चं काम. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन्ही सांडवे वाहू लागले की सोलापूर, लातूरहून गाड्यांची रांग लागते. पूर्वी तिथे झाडोरा माजला होता, जायची वाट धड नव्हती. संगोपनानंतर किल्ला नांदता झाला, हे कोणीही मान्य करील. हिरवळ, करमणूक आणि गर्दी किती असावी यावर मात्र इतिहासप्रेमी कुरकुरतात. माझं मत विचाराल तर, ओसाड किल्ल्यात चोर आणि खजिना शोधणारे फिरतात, माणसांच्या किल्ल्यात निदान कोणी तरी बघत असतं. बागेची हिरवळ उद्या काढता येते. तटाला पाडलेलं भगदाड काढता येत नाही.

पहारा हाच तर सगळ्यात दुबळा भाग आहे. कित्येक स्मारकांना पूर्णवेळ माणूस नाही. गुप्तधनाच्या नादाने मूर्तीखाली, वीरगळाखाली (लढाईत पडलेल्या वीराच्या कोरीव शिळेखाली), गढीत खणणारे रात्रीचे येतात, आणि सकाळी गावाला खड्डा दिसतो.

पांढरी माती आणि सापडलेला हंडा

आपल्या गावांची पांढरी म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. काळी शेताची, पांढरी वस्तीची. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, मातीची घरं पडली, त्यावर नवी बांधली, चुलीची राख साठली, असं करत जे राखट रंगाचं टेकाड वाढत गेलं ती पांढरी. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांना धाब्यावर, म्हणजे सपाट मातीच्या छतावर, घालायला हीच माती लागते, कारण ती पाणी गळू देत नाही. म्हणून पिढ्यानपिढ्या लोक टेकाडं खणत आले, बैलगाडीने माती नेत आले. आता जेसीबी लावतात. पुरातत्त्वाच्या दृष्टीने त्या टेकाडाचा एकेक थर म्हणजे एकेक काळ, आणि थर एकदा कालवला गेला की त्यातलं मडकं नुसतं मडकं उरतं, ते कोणत्या काळातलं हे सांगायची सोय जाते.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला हे सगळं एकत्र बघायला मिळतं. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर म्हणून तगरचा उल्लेख येतो. तेरच्या टेकाडांतून शेतकऱ्यांच्या नांगराला मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या लागत राहिल्या. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या आयुष्यभर गोळा केल्या. पुढे तो संग्रह शासनाकडे आला आणि आज तेरला त्यांच्याच नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे, याच संचालनालयाच्या अखत्यारीत. तिथल्या एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं साम्य इटलीत पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीशी दाखवतात. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. म्हणजे त्याआधी आपल्याकडच्या कारागिरीची वस्तू तिथवर पोचली होती. भोकरदनच्या उत्खननातही तशाच धाटणीच्या मूर्तीचा तुकडा मिळाला.

उत्खनन मात्र कोणालाही आपल्या मनाने करता येत नाही. राज्याच्या खात्यालाही नाही. विद्यापीठ असो की संचालनालय, केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून परवाना काढावाच लागतो.

आणि शेतात नांगरताना किंवा पाया खोदताना हंडा सापडला तर? यासाठी १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत दडवलेलं सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. व्यवहारात लोक तलाठी, तहसीलदार किंवा पोलीस ठाण्यात कळवतात आणि तिथून ते वर जातं. जिल्हाधिकारी जाहीर नोटीस देऊन कोणाचा हक्क आहे का ते तपासतात. हक्कदार कोणी निघाला नाही आणि सापडवणारा व जमीनमालक वेगवेगळे असले, त्यांच्यात वेगळा करार नसला, तर सर्वसाधारणपणे सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि मालकाला एक. शासनाला ते संग्रहासाठी हवं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग देऊन घेता येतं. नाणी ओळखायला संचालनालयाकडे जातात, आणि तिथून संग्रहालयात. न कळवता सोनाराकडे आटवली तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. 'सरकार सगळं घेऊन जातं' या भीतीपोटी लोक गप्प बसतात. कायद्यात लिहिलंय ते एवढं वाईट नाही.

शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं वगैरे देशाबाहेर नेणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंद आहे, आणि अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची.

यादीबाहेरचं

आता ज्याला पाटी नाही त्याचं काय? मराठवाड्यात तेच जास्त आहे. मारुतीच्या देवळामागे ओळीने उभ्या केलेल्या वीरगळ. शाळेच्या आवारात कलंडलेली सतीशिळा. ढासळलेली गढी. झुडपांत बुडालेल्या बारवा. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार उतरत जाणारी बारव गावकऱ्यांनी गाळ काढून साफ केली तेव्हा ती बघायला लांबलांबून लोक आले. तिथे शासनाची वाट बघितली असती तर अजून बाभळीच दिसल्या असत्या.

म्हणून साफसफाईला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते रंगाला, सिमेंटला आणि जेसीबीला. बारवेतला गाळ हातांनी, टोपल्यांनी काढावा. त्यात मूर्ती, भांडं, कोरलेला दगड निघाला तर तो कुठल्या खोलीवर निघाला ते लिहून ठेवावं आणि सहायक संचालकांच्या कार्यालयाला कळवावं. शिलालेख दिसला तर त्यावर खडू किंवा हळद फासून अक्षरं उठवू नयेत. सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात फोटो काढला की कोरीव अक्षर आपोआप उठून दिसतं. खात्यातले लोक ठसा घेतात: दगड धुऊन त्यावर ओला कागद चिकटवतात, दाट केसांच्या ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खोबणीत बसवतात, आणि अर्धवट वाळला की शाईची गादी वरून थोपटतात. खोबणीतला कागद पांढरा राहतो, बाकी काळा होतो. भिंतीवरून सोलून काढला की अख्खा लेख हातात, वाचायला मोकळा. हे सरावाशिवाय करायला जाऊ नये, कागद दगडाला चिकटून बसतो.

संरक्षणाचा प्रस्ताव गावाने द्यायचा असेल तर ग्रामसभेचा ठराव, गट नंबरासह सातबारा, चारही बाजूंचे फोटो आणि गावात माहीत असलेली माहिती एवढं पुरतं. पत्र सहायक संचालकांना, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. आवक क्रमांक घ्यायला विसरू नका, कारण पुढे पाठपुरावा त्याच क्रमांकाने करायचा आहे, आणि तो करावा लागणार आहे.

वीरगळ रस्ता रुंदीकरणात येत असेल आणि हलवण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर आधी ती जागेवर असताना फोटो घ्या, तोंड कोणत्या दिशेला होतं ते लिहा, कोणाच्या शेताच्या कोणत्या बांधावर होती ते लिहा. मग हलवा, आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवा. नव्या जागी उभी करताना बुडाला काँक्रीट ओतू नका, मुरूम आणि दगडांची चीप ठोकून उभी राहते.